ठासणीची बंदूक आणि कमरेचं पिस्तूल एकाच तराजूत?

काजूबागवाला (धागाकर्ता)

सिंधुदुर्गात आमची दीड एकर भातशेती आणि वर थोडी काजू. घरात आजोबांपासूनची एकनळी ठासणीची बंदूक आहे, परवाना शेतीसंरक्षणाचा. २०२४ साली ती दोनदा पोलीस ठाण्यात जमा करून आलो. लोकसभेला मार्चमध्ये, काजू ऐन भरात असताना. विधानसभेला १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली तेव्हा गरवं भात उभं होतं. डुकरांना आचारसंहिता लागत नाही. एका रात्रीत दहा गुंठे लोळवलं. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख वेगळा केलाय आणि नाकारण्यासारखं कारण नसेल तर परवाना द्यायचाच, असा त्याचा रोख आहे. पुढच्या कलमात तर मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारू नका, असंही म्हटलंय. प्रत्यक्षात माझ्या शेजाऱ्याने दोन वर्षं हेलपाटे मारले आणि सोडून दिलं. कमरेला पिस्तूल लावून काळ्या काचांच्या गाडीतून उतरणारे आणि आम्ही एकाच रांगेत का? शेताची बंदूक सोपी करा, मिरवायची अवघड करा. बोला.

बालाघाटकर

भाऊ, तुमची बंदूक माळ्यावर असते, आमच्याकडची कमरेला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राला कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. हवेत बार काढतानाचे व्हिडिओ फिरले, मग परवाने रद्द करायचा सपाटा लागला. आधी कोणाला दिसत नव्हतं का? अर्जात कारणाचा रकाना असतो आणि त्यात काय लिहिलं की काम होतं हे सांगणारी माणसं कचेरीबाहेरच उभी असतात. तुम्ही 'शेतीसाठी सोपं' केलंत की आमच्याकडे रातोरात सगळेच शेतकरी होतील. सातबारा तर प्रत्येकाकडे आहे.

काजूबागवाला

ठासणीची बंदूक कमरेला लावून दाखवा, मी धागा मागे घेतो. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून गजाने ठासायचं, मग टोपी. एक बार काढून दुसरा भरेस्तोवर डुक्कर पुढच्या वाडीत. हिने कोण दहशत माजवणार?

अरण्यवाट

मूळ प्रश्नच चुकतोय. बंदूक मिळाली, पुढे? वानराला मारता येत नाही. गव्याला नाही, हत्तीला तर नाहीच, आणि दोडामार्गात खरी झोप उडवलीय ती हत्तींनी. रानडुकरालाही वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे उरतो फक्त आवाज. तो फटाक्यानेही होतो.

सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे, ते किती जणांनी घेतलं? आणि जरा खरं बोलूया. परवाना शेतीचा आणि मटण भेकराचं (रानातलं छोटं हरीण), हे कोकणात कोणाला माहीत नाही?

गजालीकार

फटाके पयल्या दिवशी चलतत. तिसऱ्या दिवशी डुकर थयच उभो ऱ्हवान बघता. आमका काय बंदुकीचो सोस नाय, पण रात्री डुकर इलो तर कोणाक फोन करूचो?

(भेकराच्या मटणाबद्दल आपण काय बोलणा नाय.)

निवृत्त वायरमन

वीज खात्यात तीस वर्षं काढली म्हणून सांगतो. बंदूक नसली की माणूस गप्प बसतो असं नाही. बांधावरून उघडी तार फिरवतो आणि आकडा टाकून करंट सोडतो. डुक्कर मरायच्या आधी पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी मरतो. अशा तारा मी स्वतः काढल्यात, एका ठिकाणी तर चटका लागल्यावर कळलं की लाइन चालू आहे. त्याशिवाय फासकी. लावतात डुकरासाठी, अडकतो बिबट्या, कंबरेला तार रुतून तडफडतो. तिसरा प्रकार गावठी बॉम्ब, पिठाच्या गोळ्यात. तो गावातली कुत्री खातात, गुरं चावतात.

यातलं काहीच नेम धरत नाही. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो, तो बघून चाप ओढतो.

अरण्यवाट

बघून? डुक्कर समजून शिकारीतल्या जोडीदारालाच छर्रे घातल्याच्या बातम्या कोकणातूनच येतात, काका. करंट वाईट आहे, मान्य. त्यावरचा उपाय बंदूक नव्हे, नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आहे.

निवृत्त वायरमन

पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेतात परत गवत उगवतं.

यारा नदीकाठी

मेलबर्नहून लिहितेय. इथे २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. बारा दिवसांत सगळी राज्यं एका करारावर आली, आणि सरकारने सहा लाखांहून जास्त बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. भारतात एवढंच सांगितलं जातं. पण शेतकऱ्याची बंदूक गेली नाही. रानडुकरं इथेही आहेत, आणि शेतातला उपद्रव हे परवान्यासाठी मान्य कारण आहे. 'स्वसंरक्षण' मात्र कारण म्हणून चालत नाही. आपल्याकडे बरोब्बर उलटं. 'जीवाला धोका' म्हटलं की वजनदार माणसाचं काम होतं आणि 'भाताला धोका' म्हणणारा हेलपाटे मारतो.

बालाघाटकर

ताई, हे पटलं. पण तिथे कारण तपासतात. इथे?

कलमबहाद्दर

दोन-तीन गोष्टी.

बंदूक जमा करण्याबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट जमा करू नका, छाननी समितीने माणूस बघून ठरवावं. काजूबागवाले, नोटीस आली की समितीकडे लेखी अर्ज द्या. तोंडी विनंतीला किंमत नाही.

कर्नाटकातल्या कोडगूत कोडवांना (तिथला स्थानिक समाज) आणि जम्मा म्हणजे पिढीजात जमीनधारकांना परवान्याचीच गरज नाही, ब्रिटिश काळापासूनची सूट. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलून धरली. वंशावर सूट देणं मला पटत नाही, पण तिथे रोज गोळीबार होतो असं काही नाही.

आणि कोणीतरी 'शस्त्र हा मूलभूत हक्क' म्हणायच्या आधीच सांगतो: संविधान सभेत सदस्य ह. वि. कामतांनी ती दुरुस्ती आणली होती. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तिला विरोध केला. असा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांचा मुद्दा होता.

बालाघाटकर

बाबासाहेब बरोबरच होते. उल्हासनगरला फेब्रुवारी २०२४ मध्ये आमदारानेच पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्या. आठवडाभरात दहिसरला माजी नगरसेवकाचा खून लाइव्ह व्हिडिओ चालू असताना झाला, शस्त्र मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं. परवाना म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोन शस्त्रं केली, हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. तरी वरातीत बार निघतातच.

ठासणीला माझी हरकत नाही, चला. पण लिहून ठेवा, आज ठासणी, उद्या म्हणाल काडतुसाची बारा बोर हवी.

काजूबागवाला

खरं सांगू? बारा बोरचा अर्ज गेल्या वर्षीच टाकलाय.

बालाघाटकर

बघा! बघा!!

काजूबागवाला

पावसात ठासणीची दारू दमटते हो, बार पेटत नाही. आणि डुक्कर येतं पावसातच.