मदत हवी आहे: परभणीहून जैसलमेरला बिऱ्हाड हलवतोय

नमस्कार मंडळी. यांची बदली जैसलमेरला झालीय, जूनमध्ये निघायचंय. ऊन आम्हा परभणीकरांना नवं नाही, ४४-४५ अंश अंगवळणी पडलेत. पण तिकडं फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ वर गेला होता, हे ऐकून सासूबाईंनी धसका घेतलाय.

मला खरी धास्ती आंधीची. खिडक्या लावल्या तरी बारीक रेती फटीतून शिरून पार पिठाच्या डब्यापर्यंत जाते म्हणे. तुम्ही फटींना काय लावता? पाणी नळाला रोज येतं का? (लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, म्हणून विचारते.) हवा कोरडी, म्हणजे आमचा वाळ्याचा कूलर तिथं चांगला चालायला हवा, नेऊ ना? हिवाळ्यातल्या रात्री गार असतात, तर गोधड्याही टाकते. आणि ज्वारी मिळते का हो? सासऱ्यांचं बाजरीवर भागत नाही.