शाळेच्या फाटकापुढचा रस्ता: पालक-शिक्षक संघाने नेमके काय करावे?

मांडवीकाठ (पणजी) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी पणजीतील एका शाळेत तिसरीत शिकते आणि यंदा मी तिथल्या पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहे. जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानासाठी समितीने नेहमीप्रमाणे चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यांचे फलक आणि वाहतूक पोलीस अधिकाऱ्यांचे व्याख्यान असा बेत आखला आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु शाळा सुटते त्या वेळी फाटकापुढे जे चालते ते पाहिले की या कार्यक्रमाचा त्या रस्त्याशी संबंध कुठे लागतो, तेच कळत नाही. जुनी इमारत असल्यामुळे फाटक थेट रस्त्यावर उघडते, पदपथ जेमतेम एका माणसापुरता आहे आणि त्यावरही पालकांच्या स्कूटर चढवलेल्या असतात. बालरथाला, म्हणजे शाळेच्या बसला, त्याच्या जागी थांबता येत नाही म्हणून तो मुलांना रस्त्याच्या मधोमध चढवून घेतो, आणि या सगळ्यातून काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या घेतलेले पर्यटक मोबाइलवरच्या नकाशाकडे पाहत वाट काढत असतात. समितीतील काही जण म्हणतात की ही मुंबई-बंगळूरसारख्या महानगरांची दुखणी आहेत, पणजीत एवढे काही नाही. संघाजवळ पैसा थोडाच आहे. तो आणि आमची मेहनत कशावर खर्च करावी, कोणत्या कार्यालयाकडे काय मागावे आणि मुलांना खरोखर काय शिकवता येते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

जुना अभियंता (फोंडा)

ताई, आपली शंका रास्त आहे. माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामांत गेली, तेव्हा मी रस्त्याबद्दलच बोलतो. मुलाच्या जिवाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे वाहनाचा वेग. मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार कोरड्या डांबरावर सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० च्या वेगात नुसत्या त्या एका सेकंदातच मोटार जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक तेव्हा कुठे लागू लागतो, आणि थांबेपर्यंत २७-२८ मीटर उलटतात. म्हणजे पहिली मोटार जिथे उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरी अजून पूर्ण वेगात असते. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर ही तफावत आणखी वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेने काढलेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असा आग्रह धरला गेला तो उगाच नव्हे.

वेग पाटी लावून थोडा कमी होतो, रस्त्याच्या घडणीने बराच. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सुचवलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि वर्तुळाकार गोलाईचा असतो. ताशी २५ च्या सुमारास तो आरामात ओलांडता येतो. आपल्याकडे ग्रामसभेत आवाज चढल्यावर रातोरात जे डांबराचे उंचवटे उगवतात, त्यांचा या मापाशी काही संबंध नसतो. दुचाकीस्वार त्यांवर आदळतो, नाहीतर कडेच्या फटीतून गाडी काढून मुले उभी असतात नेमका तिथेच येतो. शाळेपुढे सर्वांत योग्य म्हणजे पदपथाच्या पातळीपर्यंत उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग; त्यात मुलाला खाली उतरावे लागत नाही आणि वाहनाला मात्र चढावे लागते.

तरीही एकच गोष्ट मागायची झाली तर मी झेब्राच्या दोन्ही अंगांना काही मीटर जागा पूर्ण मोकळी मागीन. आठ वर्षांचे मूल हल्लीच्या उंच मोटारींच्या बॉनेटमागे जवळजवळ झाकले जाते. चालकाला मूल दिसत नाही आणि मुलाला रस्ता दिसत नाही. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते, पण पणजीच्या जुन्या गल्ल्यांत ती कुठून आणणार? तिथे एका बाजूचे पार्किंग शाळेच्या वेळेपुरते बंद करणे हाच व्यवहार्य उपाय आहे. वेगमर्यादा आणि पार्किंगबंदीचे आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ व ११५ खाली निघतात, आणि गोव्यात ते काम जिल्हादंडाधिकारी करतात. रंगकाम व पदपथ, रस्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याप्रमाणे, महापालिकेकडे किंवा साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे). आधी रस्ता कोणाचा हे लेखी विचारून घ्या, नाहीतर दोन कार्यालये आपला अर्ज एकमेकांकडे टोलवत राहतील.

शाळेतली बाई (म्हापसा)

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही; मोटार दूर दिसली म्हणजे वेळ आहे, एवढेच त्यांना कळते. म्हणून वर्गात सिग्नलचे तीन रंग पाठ करून घेण्याला मी फार किंमत देत नाही. मूल तेवढे घडाघडा म्हणून दाखवते आणि बाहेर मित्राने हाक मारली की तसेच धावत सुटते. चार-पाच मुलांचा गट घेऊन प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला उभे राहावे, कडेला थांबणे, दोन्हीकडे पाहणे, चालक खरोखर थांबला का याची खात्री करणे आणि न धावता पलीकडे जाणे, हे पुन्हा पुन्हा करून घ्यावे, आणि तेच पालकांनी घरच्या रस्त्यावर करावे. एक वाहन थांबले तरी त्याच्या आडून दुचाकी येऊ शकते, हे मुलांना सांगून पटत नाही, उभे करून दाखवले की लगेच पटते.

बसबाबत तर वेगळा धडाच हवा. बालरथातून किंवा कदंबमधून (गोव्याच्या सरकारी बसमधून) उतरलेले मूल बसच्या अगदी पुढून रस्ता ओलांडते. तिथे ते बसचालकाच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही आणि बसला मागे टाकून येणाऱ्याला तर दिसतच नाही. बस निघून जाईपर्यंत कडेला थांबायचे, हा एकच नियम आमच्याकडे पहिलीपासून घोकून घेतला जातो. पावसाळ्यात काळी छत्री वाऱ्याविरुद्ध पुढे झुकवली की मुलाला समोरचे काहीच दिसत नाही, म्हणून लहानांना आम्ही फिक्या किंवा पिवळ्या रंगाचा रेनकोट सुचवतो. (रेनकोट दप्तरावरून बसत नाही ही आयांची तक्रार खरी आहे, मोठ्या मापाचा घ्यावा.)

एका वाड्यातील मुलांनी दोन मोठ्या माणसांसोबत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने एकत्र चालत यावे, अशी पाळी लावून पाहण्यासारखी आहे. त्यामुळे फाटकापुढच्या स्कूटरही आपोआप कमी होतात.

मठग्रामस्थ (मडगाव)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून सांगतो की रस्त्याइतकाच दोष आम्हा पालकांचा आहे आणि त्याला अधिसूचना लागत नाही. चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला, मागे बसलेल्यालासुद्धा, कायद्याने हेल्मेट हवे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम आहे. प्रत्यक्षात बाबांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि पुढे हँडलला धरून उभे असलेले मूल बोडके असते. गाडी अचानक थांबली की त्याची छाती हँडलवर आदळणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. मोटारीतही चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे, आणि एअरबॅगसमोर मुलाला मांडीवर घेऊन बसणे तर जिवावर बेतणारे आहे.

हायर सेकंडरीत जाणाऱ्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९-अ वाचावे: पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. स्वातंत्र्यसैनिक आणि कोंकणी लेखक गुरुनाथ केळेकर यांनी ‘मार्ग’ ही चळवळ उभारून रस्त्यावरील शिस्तीचा विषय गोव्यात वर्षानुवर्षे लावून धरला होता. आपल्याकडे हे कोणी सांगितलेच नाही, असे म्हणायची सोय नाही.

दादरचा गोंयकार (मुंबई)

‘ही महानगरांची दुखणी’ म्हणणाऱ्या आपल्या सदस्यांसाठी लिहितो. मुंबईत वाहने जास्त हे खरे, पण गर्दीच्या वेळी त्यांचा वेग इतका मंदावतो की माणूस चालत पुढे निघून जातो. पणजीत रस्ता दुपारी थोडा मोकळा झाला की गाड्या सुसाट सुटतात, आणि अभियंता सरांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे धोका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे. त्यात शहर लहान की मोठे असा अपवाद नाही.

मुंबईकडून घेण्यासारखे एक आहे. भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळांपुढे महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था यांनी मिळून आधी रंग आणि तात्पुरते अडथळे वापरून मुलांची चालण्याची पट्टी, ओलांडण्याच्या जागा व थांबण्याची जागा आखून पाहिली. पक्के काम करण्यापूर्वी अशी चाचणी घेतली की दुकानदार आणि रहिवासी यांचे आक्षेप आधीच कळतात व चुका स्वस्तात सुधारता येतात. महाराष्ट्रातील शाळांत ‘आरएसपी’ (रोड सेफ्टी पेट्रोल) ही विद्यार्थ्यांची पथकेही आहेत. त्यांतून मुलांना शिस्त लागते हे मान्य, मात्र वाहने अडवण्याचे काम मुलांकडे कधीही देऊ नये. शिट्टी आणि थांबण्याचा फलक मोठ्या माणसाच्याच हाती असावा.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. स्पर्धेच्या बक्षिसांचा खर्च कमी करून त्या पैशांत शंकू, दोन परावर्तक जाकिटे आणि थांबण्याचे फलक घ्यावेत, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवणार आहे. बाईंचा प्रत्यक्ष सरावाचा भाग व्याख्यानाच्या जागी बसवता येईल. अडचण पालकांची आहे: फाटकापासून दोनशे मीटरवर गाडी लावून चालत या म्हटले की अर्धे जण नाराज होतील. शिवाय अर्जासोबत नेमके काय जोडावे?

जुना अभियंता

नाराजीवर उतारा म्हणून वर्ग दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडायला मुख्याध्यापकांना विनंती करा. लहान वर्ग आधी सुटले तर एका वेळची गर्दी निम्मी होते आणि थोडे दूर गाडी लावलेल्या पालकालाही ताटकळावे लागत नाही. शाळा सुटण्याच्या वेळेला एक वाहतूक पोलीस किंवा होमगार्ड मिळावा, अशी वेगळी मागणी वाहतूक विभागाकडे करावी.

अर्जात भावनिक मजकूर थोडा आणि नोंदी जास्त असाव्यात. फाटकाच्या दोन्ही बाजूंचा सुमारे शंभर मीटरचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर झेब्रा, विजेचे खांब, गाड्या उभ्या राहतात त्या जागा आणि बालरथाचा थांबा. शाळा भरताना व सुटताना त्याच वेळेची छायाचित्रे. आणि ठरावीक पंधरा मिनिटांत रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची व जाणाऱ्या वाहनांची मोजणी, निदान तीन वेगवेगळ्या दिवसांची. वेग मोजायला यंत्र लागत नाही: रस्त्यावर ५० मीटरवर दोन खुणा करा आणि त्या अंतराला वाहनाला किती सेकंद लागतात ते पाहा. सहा सेकंद म्हणजे ताशी ३०, आणि चार सेकंदांपेक्षा कमी लागले तर वाहन ताशी ४५ च्या पुढे आहे. हे मोजताना कोणी रस्त्यात उभे राहू नये, आणि मुलांना तर या कामाला लावूच नये.

अर्जावर मुख्याध्यापक व संघाचे अध्यक्ष या दोघांच्या सह्या घ्याव्यात, प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी आणि पोच जपून ठेवावी. हे सर्व फेब्रुवारीपर्यंत आटोपले तर बरे, कारण झेब्रासाठी वापरतात तो थर्मोप्लास्टिक रंग ओल्या डांबरावर धरत नाही. जून लागला की ते काम थेट दिवाळीनंतरवर जाते.