मुक्ता परत आली, मीरा कधी गेलीच नाही, मग जना का नको?

गोदाकाठची
भावाला मुलगी झाली. उत्तराषाढा नक्षत्र, तिसरा चरण, म्हणजे अक्षर 'जा'. गुरुजी म्हणाले 'ज' पण चालेल. आमच्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आईनं एका दमात सांगून टाकलं, "जना ठेव. गंगाखेड इथं हाकेवर असताना नाव हुडकायला मोबाईल कशाला लागतो?" झालं. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी असा कालवा केला की विचारू नका. कुणी जान्हवी, कुणी जुई, कुणी जिया. जना म्हणणारी आई एकटी. आणि आता मी.

माझं म्हणणं असं. मराठवाड्यानं महाराष्ट्राला तीन मोठ्या कवयित्री दिल्या. आपेगावची मुक्ता, गंगाखेडची जना आणि वेरूळजवळच्या देवगावची बहिणा. यातली मुक्ता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधे केव्हाच परत आली. बहिणाच्या नावाची जरा तरी चर्चा होते, तीही खानदेशच्या बहिणाबाईंमुळे, त्यांचं नाव २०१८ मधे जळगावच्या विद्यापीठाला दिलं म्हणून. जना मात्र देवळात आणि पालखीत राहिली, पाळण्यात आली नाही. मुक्ता ज्ञानदेवांची बहीण. मीरा राजघराण्यातली. जना दमा आणि करुंड या गरीब जोडप्याची पोर, पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी राबायला राहिलेली. राजकन्येचं नाव चालतं आणि मोलकरणीचं चालत नाही, एवढंच कारण आहे का हो?

पुण्यात_अडकलेला
ताई, नाव ठेवताना आईबाप एवढा इतिहास काढत नाहीत. कानाला कसं लागतं ते बघतात. मुक्ता म्हटलं की मोती डोळ्यासमोर येतो, मोकळेपणा येतो. जना म्हटलं की जनावर. पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच होणार. शिवाय मुक्ता हे काही एकाच घरचं नाव नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ मधे मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ज्ञानोदयात छापून आला. तीही मुक्ताच. त्यामुळे 'वरच्यांचं नाव परत आलं, खालच्यांचं आलं नाही' हे गणित मला पटत नाही. आवाज हेच खरं कारण.

काळी_कसदार
आवाजाचं कारण असंल तर जिजा कामून चालायलंय? तेबी 'ज'चंच हे, तेबी जुनंच हे. आमच्या लहानपणी जिजाबाई म्हणलं की शेजारची म्हातारी, मिसरी लावून वट्ट्यावर बसलेली. आता शिकलेले लोक हौसेनं जिजा ठेवायलेत. जिजाऊ म्हणलं की छाती फुगती ना. नावाच्या पाठीमागं गड लागतोय बगा. जनीच्या पाठीमागं नुसतं जातं हे.

गोदाकाठची
@काळी_कसदार मला जे सांगायला एवढा मोठा परिच्छेद लागला ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलं.

अंगणवाडी_ताई
मी नावं लिहूनच पोट भरते, म्हणून बोलते. लाभार्थ्यांच्या रजिस्टरात सध्या आराध्या, स्वरा, आरोही, ईश्वरी, श्रेया. एका गल्लीत दोन आराध्या झाल्या, तर मदतनीस बाई पोषण आहार वाटताना 'वरची आराध्या, खालची आराध्या' म्हणून हाक मारते. नाव वेगळं असावं म्हणून ठेवलं होतं ना दोघींनी!

आता दुसरी बाजू. निवडणुकीच्या कामात मतदार यादी घेऊन घरोघरी फिरावं लागतं. वयाचा रकाना बघत यादी वाचली की नावांच्या पिढ्या सरळ दिसतात. पंचविशीतल्या पूजा, अश्विनी, प्रियंका. पन्नाशीच्या आसपास मंगल, सुनीता, छाया. साठ-सत्तरच्या पुढं गयाबाई, सखुबाई, कोंडाबाई, पार्वतीबाई, जनाबाई, धुरपताबाई. गोदाकाठच्या ताईंना एवढंच विचारायचंय, धुरपता म्हणजे द्रौपदी. ती तर महाराणी. तिचं नाव कुठं आलं परत? यादीतली ती सगळी पिढीच जुनी झाली, तिच्याबरोबर जना गेली. त्यात मोलकरीण-राजकन्या असं काही नाही.

गोदाकाठची
ताई, मुद्दा जोरदार आहे. पण द्रौपदीचं नाव लोक भोगाला भिऊन ठेवत नाहीत. तिच्या वाट्याला आलं ते पोरीच्या वाट्याला नको म्हणतात. २०२२ पासून देशाच्या राष्ट्रपतींचं नाव द्रौपदी आहे, तरी आपल्याकडे कुणी ठेवलेलं ऐकलं नाही. जनाच्या वाट्याला असं काय वाईट आलं? कष्ट आले. कष्टाला आपण भोग समजतो का?

वाड्यातली_सून
समजतोच. कष्ट करणारीला विचारा, वाचणारीला नको.

आमच्या आजेसासूबाई जनाबाई. हे त्यांचं जन्माचं नाव नव्हतं. माहेरी गोदावरी होत्या. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, घरात पंढरीची वारी होती म्हणून जना. ऐकायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात त्यांना कुणी जनाबाई म्हटलं ते सुना आल्यावर. त्याआधी सगळं आयुष्य "ए जने". खळ्यावर जने, गोठ्यात जने, पाव्हणे आले की "जने, पाणी आण". मुक्ताला कुणी 'ए मुक्ते' म्हणून शेण काढायला पाठवत नाही, कारण ते नाव आता ज्यांच्या घरी आहे त्यांच्या घरी गोठाच नाही. नाव संतांचं असतं, हाक मारणारे संत नसतात. म्हातारीनं शेवटी मला स्वतः सांगितलं होतं, नातवंडांत माझं नाव ठेवू नका. मी ठेवू दिलं नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट विरोधात. सामाजिक न्याय करायचाच असेल तर बाळाच्या पाळण्यात नका करू.

निवृत्त_मास्तर
वाड्यातल्या सूनबाईंचा अनुभव खोटा कोण म्हणेल. पण त्यावरून जना म्हणजे सोशिक, दीन, असा जो अर्थ धाग्यात शिरतोय तो मला मान्य नाही. नामदेव गाथेत तिच्या नावावर तीनशेच्या वर अभंग आहेत. 'दासी जनी' ही मुद्रा ती स्वतः लावते, तिच्यावर कुणी शिक्का मारलेला नाही. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' हे तेराव्या-चौदाव्या शतकात म्हणणारी बाई दीन कशी? त्याच अभंगात पुढं ती जो शब्द स्वतःला लावते तो आजही चारचौघांत उच्चारायला लोक कचरतात. विठ्ठलाला चोर म्हणून पकडते, दोरीनं बांधते, शब्दांचा मार देते. 'स्त्री जन्म म्हणवुनी न व्हावे उदास' हेही तिच्याच नावावर आहे. आमच्या गावात पहाटे जात्यावर बसलेल्या बाया 'जनी' म्हणून ज्या ओव्या गायच्या, त्या मैत्रिणीला हाक मारल्यासारख्या गायच्या. 'जने' या हाकेत अपमान असतो, तशी सलगीही असते. कोण कुणाला मारतंय त्यावर आहे.

आणखी एक. नावांच्या ॲपवर 'जना' शोधून बघा. अर्थ येतो 'ईश्वराची कृपा'. आपले लोक खूश होतात. तो अर्थ आपल्या जनाचा नाहीच. चेक आणि स्लोव्हाक लोकांत यान नावाच्या पुरुषाचं स्त्रीरूप याना, इंग्रजी अक्षरांत ते आपल्या जनासारखंच लिहितात, तिकडचा अर्थ या ॲपवाल्यांनी इकडं चिकटवला. अरबीतही जना आहे. झाडावरून तोडायला आलेलं पिकलं फळ. आपल्या जनाचं नातं लोक 'जन्' या धातूशी जोडतात, ज्यातून जन्म, जननी, जनक आले. आणखी काय पाहिजे मुलीच्या नावाला?

पुण्यात_अडकलेला
मास्तर, हे ॲपचं माहीत नव्हतं. मग तर वहिनींना सांगा, युरोपात आणि अरबस्तानात चालणारं नाव आहे. पुढंमागं मुलगी बाहेर गेली तर कुणाला स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही. हे कारण घरात लगेच पटेल.

काळी_कसदार
वा रे वा. म्हणजे गंगाखेडहून आलं तं गावठी अन् प्रागहून आलं तं भारी. मगाशी 'जनावर' म्हणत होते तेच ना तुमी?

पुण्यात_अडकलेला
मी लोक कसे वागतात ते सांगतोय, मी तसा आहे असं नाही. आणि एक विचारू का? इथं जनाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी आपापल्या घरातल्या मुलींची नावं सांगावीत. मास्तर, तुमच्या नातीचं नाव काय?

निवृत्त_मास्तर
अन्विता. सुनेनं ठेवलं, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जना सुचलं असतं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्यानं अभंग बदलत नाहीत.

मोंढ्यातला_माणूस
नांदेडला आमच्या वर्गात एक जनाबाई होती, म्हणून तिकडची गंमत सांगतो. तिला जनावर कुणी म्हटलं नाही. अर्धा वर्ग घरी दखनी बोलणारा. हजेरीला सर 'जनाबाई' म्हणाले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "जनाब आए!" ती उठून ऐटीत सलाम करायची आणि म्हणायची, "तशरीफ रखिये." नंतर सगळी शाळा तिला जनाबच म्हणायला लागली, बाईसुद्धा. चिडवायचं म्हटलं तर पोरं आराध्यालाही चिडवतात. 'अर्धी' म्हणतात. नावाला जपून काही होत नाही.

नोंदणीवाला
जन्म-मृत्यू नोंदणीचं काम करतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, पण नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. बाळाचं नाव वर्षाच्या आत मोफत घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलं की मात्र बदलायला राजपत्र वगैरे भानगडी. लोक बारशाच्या दुसऱ्या दिवशी नाव घालून जातात आणि दोन महिन्यांनी 'आजीला आवडलं नाही' म्हणून परत येतात.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे जना ठेवा की जान्हवी, पुढं पहिलं नाव वहिनींचं येणार आहे. त्यांना विचारलं का कुणी? एवढा धागा वाचला, सगळ्यांचं मत कळलं, बाळाच्या आईचं काही दिसलं नाही.

गोदाकाठची
विचारलं. काल रात्रीच. इथले प्रतिसाद वाचून दाखवले, वाड्यातल्या सूनबाईंचा दोनदा.

वहिनी लातूरची, नर्स आहे, कमी बोलते. म्हणाली, "जना ठेवायचं तर ठेवा, मला चालतंय. पण पाळण्यात जना आणि शाळेत जान्हवी असं करायचं नाही. लपवायचंच असलं तर ठेवूच नका." दुसरी अट, घरात 'जने' म्हणायचं नाही, अगदी लाडानंसुद्धा नाही. आई म्हणाली, लाडाचं जने वेगळं असतं. वहिनी म्हणाली, "ज्याला ऐकायचंय त्याला वेगळं ऐकू येत नसतंय." आईला यावर बोलता आलं नाही. भाऊ अजून जान्हवीवरच अडून बसलाय, त्याचं कारण विचारलं तर सांगत नाही, नुसता 'बरं वाटत नाही' म्हणतो. हे 'बरं वाटत नाही' कुठून येतं हाच तर माझा प्रश्न होता.

वाड्यातली_सून
वहिनी शहाणी आहे. पण घरात ती सांगेल, घराबाहेर कोण सांगणार? माझा विरोध कायम. आमच्या म्हातारीचा शब्द मी धाग्यात हरणार नाही.

तरी ठेवलंतच, तर एक बघा. आधार कार्डावर इंग्रजी नावावरून मराठी आपोआप उमटतं. आजेसासूबाईंचं 'जानाबाई' झालं होतं. बँकेत जनाबाई, आधारवर जानाबाई, आणि निराधारचे पैसे यायचे थांबले ते तिकडं खेटे घालून दुरुस्त करेपर्यंत. तलाठ्याकडे एक नाव, तहसीलला एक.

नोंदणीवाला
बरोबर. दाखला हातात घेण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः वाचा, मगच सही करा. ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी जसं येईल तसं सोडून देतो. जान्हवी ठेवलं तरी वाचा, त्याचं 'जानवी' झालेलं मी किती वेळा पाहिलंय.