अनुभव धागा: 'पॅलिएटिव्ह केअर' (गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणारी काळजी) हा शब्द तुमच्या घरी कधी आला?

आईचा अंडाशयाचा कॅन्सर दुसऱ्यांदा उलटला तेव्हा डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर दुसऱ्या बाईंचं नाव लिहून दिलं. 'यांना भेटून या.' बाहेर येऊन बघितलं, तर नावाखाली 'पॅलिएटिव्ह'. जिन्यातच गुगल केलं आणि चिठ्ठी पर्समध्ये कोंबली. सात आठवडे ती तिथेच होती. तिकडे गेलो म्हणजे आपण आईला सोडून दिलं, असं माझ्या डोक्यात. तेवढे दिवस आई बसून रात्री काढत होती, पोटाशी उशी धरून.

शेवटी गेलो. त्या बाईंनी पहिलं काय विचारलं? 'रात्री झोप किती लागते?' मग पोट साफ होतं का, मनात काय काय येतं. आईची केमो त्यानंतरही चालूच होती. दोन्ही बरोबरीनं चालतं, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडे हा शब्द वेळेवर आला की उशिरा? लिहा. गावाकडचे अनुभव तर हवेतच. रुग्णालयांची नावं मात्र नकोत.

रानमेवा
आमच्याकडे शब्द नाही आला, थेट नर्सताईच आल्या. वाई तालुका.

अण्णांना गालाचा कॅन्सर, तंबाखूचा. जखम बाहेर फुटली आणि वास असा सुटला की शेजारी दारं लावून घ्यायचे. अण्णांनी आपण होऊन खाट गोठ्याशेजारी हलवली. जेवायलाही घरात येईनात. मोठ्या दवाखान्यातून 'आता घरीच सांभाळा' एवढंच सांगून पाठवलेलं.

ताईंनी मीठ घालून उकळलेल्या, गार केलेल्या पाण्यानं जखम धुतली. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या काढल्या. आमांशाला देतात त्याच! आईच्या खलबत्त्यात कुटल्या, भुकटी जखमेवर भुरभुरली, वर गॉज. 'उद्यापासून तुम्ही करायचं, वहिनी.' (कोणी वाचून घरी सुरू करू नका, विचारून करा.) चार-पाच दिवसांत वास उतरला. अण्णा ओट्यावर येऊन बसले, नातवाला मांडीवर घेतलं.

पुढे अडीच महिने होते. तो खलबत्ता आई चटणीला वापरत नाही आणि टाकूनही देत नाही.

दादर_फलाट
आमची गाडी मॉर्फिनवर अडली, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनेच्या औषधावर. मामा म्हणाले, 'बहिणीला अफू चारणार का आता?' चार केमिस्टांनी नुसती मान हलवली. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, परवाना असलेल्या ठिकाणीच मिळतं, हे वणवण झाल्यावर कळलं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांचं एवढं झेंगट झालं की कित्येकांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सैल केला, पण भीती काही सैल झाली नाही. आणि ही अफू पिकते कुठे? आपल्याच देशात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यावर.

दर चार तासांनी गोळी. मध्यरात्री उठवायला नको म्हणून झोपतानाची दुप्पट, अर्थात डॉक्टरांनीच ठरवून दिलेली. बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून. चौथ्या दिवशी आई रमीचे पत्ते पिसत होती, समोर मामा.

उंबरठा_७
आम्ही चार भावंडांनी ठरवलं होतं, बाबांना सांगायचं नाही. फाईल कपाटावर, सुटकेसच्या मागे. विचारलं की 'अल्सर'. गृहभेटीला आलेल्या डॉक्टरांनी आम्हाला चहा करायला पाठवलं. चौघांनाही! आणि बाबांना विचारलं, तुम्हाला काय झालंय असं वाटतं?

'कॅन्सर. पण पोरांना सांगू नका, त्यांना झेपायचं नाही.'

चहा उतू गेला होता.

आशाताई
मी गावातली आशा सेविका आहे, म्हणून लिहिते. लोकांना वाटतं हे फक्त कॅन्सरचं. माझ्याकडे लकवा मारलेले जास्त. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा बघा, माकडहाडाची जागा बघा, कातडी लाल दिसली तर लगेच सांगा. सून म्हणते, ताई, सोयाबीन काढणीला आलंय, मी शेतात जाऊ का कूस बदलू? तिला काय बोलणार? तिच्या मोबाईलवर गजर लावून दिला, आणि दुपारची पाळी शेजारच्या म्हातारीला. दोघींचं आधी भांडण होतं. आता जरा कमी आहे.

बदलीवाला
बँकेच्या बदलीनं तीन वर्षं कोळिकोडला होतो. तिथल्या मेडिकल कॉलेजात १९९३ साली वेदनामुक्तीचं छोटं क्लिनिक सुरू झालं. पुढे ते काम गल्लीतल्या लोकांनीच अंगावर घेतलं, आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरणही केलं. आमच्या घरमालकीणबाई दर शनिवारी नर्सबरोबर जीपमधून घरोघर जायच्या. कोणाची नखं काप, कोणाला पेपर वाचून दाखव. मलाही एकदा नेलं. मल्याळम येत नव्हतं, म्हणून आजोबांचे पाय चोळत बसलो.

मी मूळचा वांद्र्याचा. देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण), शांति आवेदना सदन, वांद्र्यालाच, १९८६ पासून. त्याच्यासमोरून फिरायला जायचो आणि आत काय चालतं ते कळलं केरळात.

नवीन_सदस्य
विचारू की नको, दोन दिवस घोळत होते. सासूबाई ७८, किडनी गेलीय, डायलिसिस नको म्हणतात. घरात रोज वाद. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. काही बोलला नाही, पण उद्या सुट्टी टाकलीय. जिल्हा रुग्णालयात चौकशी करू म्हणतो. सोबत काय न्यायचं?

धागाकर्ती
फाईल न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत. आयुर्वेदिक असतील तर त्याही, लपवू नका. आणि आज रात्री सासूबाई कितीदा उठतात ते लिहून ठेवा. डायलिसिस का नको, ते मात्र त्यांनाच बोलू द्या.