बिल शून्य होतं का? आमच्या गच्चीचा हिशेब
'सोलर पॅनल बसवले की बिल शून्य' हे ऐकायला गोड आहे, पण पूर्ण खरं नाही. लातूरला आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे आहेत. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण ती नंतर खात्यात येते. आम्ही आधी पूर्ण रक्कम खिशातून भरली. शिवाय नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) लागलं तरी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, सुटत नाही.

किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरा. मे महिन्यात ऊन जास्त म्हणजे वीजही जास्त, असं मलाही वाटायचं. पण पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते; इथं दुपारी काचेला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा उत्पादन घटतं. वरून धूळ. टँकरचं पाणी पॅनल धुवायला घेतलं की आई जी नजर टाकते ती विचारू नका! आता पहाटे ओल्या फडक्यानं पुसतो.

लोडशेडिंगसाठी घेत असाल तर थांबा. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ऑनग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेली सिस्टीम लाइट गेली की भर दुपारीही बंद पडते. तेव्हाही वीज हवी तर बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा. महिन्याचं बिल पाचशेच्या आत असेल तर मी तरी घाई करणार नाही.