मदत हवी आहे : मे महिन्यात दुपारी सोलापुरातून टेक-ऑफ, गणित तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच, खासगी वैमानिक परवाना नवा आहे. पुढच्या आठवड्यात सेसना १५२ हे छोटं दोन आसनी विमान घेऊन होटगी रोडच्या विमानतळावरून बारामतीला जायचंय. अंतर साधारण ८०-८५ नॉटिकल मैल. इंधन, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना), वजन-संतुलन हे झालंय. अडलंय ते उन्हापाशी.

धावपट्टीची उंची सुमारे १,६०० फूट धरली, तर तिथलं प्रमाण तापमान (हिशेबासाठी त्या उंचीवर गृहीत धरतात ते) १२ अंशांच्या आसपास येतं. आपल्याकडे दुपारी ४२! म्हणजे ३० अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले, की डेन्सिटी अल्टिट्यूड (गरम, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,२०० फुटांच्या घरात जाते. हे बरोबर आहे ना? धावपट्टी भरपूर लांब आहे, तिची काळजी नाही. काळजी आहे ती नंतरच्या चढाईची. विमानाच्या पुस्तिकेतले आकडे नव्या इंजिनाचे. आमचं विमान माझ्याहून वयाने मोठं. टेक-ऑफच्या अंतरात मी एक तृतीयांश वाढवते, पण चढाईच्या दरातून किती वजा करावं?

दुसरं म्हणजे वावटळी. काळ्या रानावरून दुपारी उठतात, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) क्षणात फिरतो. घारीही त्याच गरम हवेवर घिरट्या घालतात. अशा वेळी तुम्ही किती थांबता?

सकाळी सातला निघणं सोपं, हे कळतं. पण विमान दुपारीच मिळतंय. वडील म्हणतात, "या उन्हात बैलसुद्धा जुंपत नाहीत, तू विमान जुंपतेस!" उन्हाळ्यात दख्खनवर उडालेल्यांनी कृपया सांगा.