घोडीचे पाय लाकडी येतात, काय चुकतंय?

पंचवटीकर:
आमच्या वडिलांचा टांगा होता. पंचवटीत घरामागेच तबेला, त्यामुळे चंदी भिजवणं आणि खरारा ही शाळेआधीची माझी कामं. टांगा बंद झाला, घोडी विकली, त्याला २० वर्षं झाली. गेलं वर्षभर जलरंगात तिचीच चित्रं काढतेय. मान, आयाळ, डोळा बरोबर येतो. कपाळावरचा भोवरा तर अंधारातही काढीन. पाय काढले की मात्र लाकडाचा घोडा होतो. तिचा एकही फोटो नाही. दुसऱ्या घोड्यांचे फोटो समोर ठेवले की पाय जमतात, पण मग ती आमची घोडी राहत नाही. काय करू?

रेषाघर:
घोड्यांची चित्रं काढणारा इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स बघा. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा, हाही त्यांच्या हाताखाली राबलेला. तरी हॉर्कस्टो गावी दीडेक वर्ष मेलेले घोडे सोलून त्यानं हाडं-स्नायू कागदावर उतरवले. १७६६ साली ते पुस्तक निघालं. त्यातल्या पायांच्या प्लेटा गिरवून काढा.

जुना नालबंद:
ताई, नाशकातल्या टांग्यांच्या घोड्यांना नाल मारण्यात माझी ४० वर्षं गेली. मागच्या पायाचा मधला सांधा तुम्ही गुडघा समजून काढत असाल. ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ. पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो, खूर म्हणजे ते नख. मनगट आणि टाचेच्या खाली मांस नसतंच, नुसतं हाड आणि दोरीसारख्या शिरा. तिथं गोलाई दिलीत की पाय लाकडी झालाच. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा. चित्र काढू नका, पायावरून हात फिरवा.

अबलख:
पळती घोडी काढायची असेल तर एक. १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले. चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. जेरिको या फ्रेंच चित्रकारानं १८२१ मध्ये इंग्लंडमधली एप्समची घोड्यांची शर्यत रंगवली तेव्हा ते पुढेमागे ताणलेले दाखवले होते. चूकच, पण वेग अंगावर येतो. तेव्हा फोटोपुढे फार नमू नका.

पंचवटीकर:
नालबंदकाका, तुमचं वाचलं आणि हाताला आठवलं. नाल मारताना लगाम मी धरायचे. दुपारी उभ्या उभ्या डुलकी लागली की ती मागचा एक पाय सैल सोडायची, खुराचं टोक तेवढं जमिनीला. त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरायचा. मी वर्षभर तिला चारही पायांवर सारखं वजन देऊन उभी करत होते, तशी ती कधी उभी राहिलीच नव्हती. काल रात्री तेवढा एकच पाय काढला. टाच जागेवर आली. खूर जरा मोठा झालाय, आज परत बसते.